मुंबईतली विसरलेली जपानी वस्ती: कापूस घेणारे साहेब आणि कामाठीपुऱ्यात राहिलेल्या मुली

ब्राझीलच्या साओ पावलो शहरातलं लिबरदाद किंवा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधलं लिटल टोकियो. जपानबाहेरच्या या जपानी वस्त्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. लाल कमानी, कागदी कंदील, रामेनची दुकानं आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी.

पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईतही जपानी लोक राहायचे, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

मुंबईच्या या वस्तीला कमानी नव्हत्या. ती एका ठिकाणीही नव्हती. तिचा एक तुकडा फोर्टमधल्या बँका आणि कापूस कंपन्यांच्या कचेऱ्यांत होता, तर दुसरा कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत. पहिल्या तुकड्याचा इतिहास कंपन्यांनी जपून ठेवला. दुसऱ्या तुकड्यातल्या मुलींची नावं बहुतेक पुसली गेली.

या गोष्टीचा मराठवाड्याशी काय संबंध? संबंध दोन आहेत. एक कापसाचा आणि दुसरा उचलीचा. पाटोद्याच्या वाचकाला हे दोन्ही शब्द समजावून सांगायची गरज नाही.

जपानला मुंबईत काय हवं होतं?

एका शब्दात सांगायचं तर कापूस.

1880 च्या दशकात जपानमध्ये कापड गिरण्या झपाट्याने उभ्या राहू लागल्या. 1883 मध्ये ओसाका स्पिनिंग कंपनीची गिरणी सुरू झाली आणि पुढे ओसाका शहराला 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणू लागले. पण गिरण्यांना पुरेल एवढा कापूस जपानमध्ये पिकत नव्हता.

त्याआधी मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीन आणि जपानला जायचं. जपानने हे गणित उलटं केलं. सूत नको, कापूस द्या, सूत आम्हीच काढतो. भारतातला देशी कापूस आखूड धाग्याचा होता, पण स्वस्त होता. जपानी गिरण्यांनी त्यात लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मिसळून सूत काढायचं तंत्र बसवलं.

हा कापूस यायचा कुठून? वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या राज्यातला बराचसा कापूस मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जायचा. हे नाव अमरावतीवरून, म्हणजे जुन्या उमरावतीवरून पडलेलं. बाजारात 'बार्शी-नगर' असाही एक प्रकार होता. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि या भागाला जवळची मोठी पेठ म्हणजे बार्शी. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बार्शीचा माल मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गाला जोडला गेला.

थोडक्यात, बालाघाटाच्या आसपासच्या काळ्या रानातला कापूस आणि ओसाकातली गिरणी यांच्यामध्ये मुंबई बंदर उभं होतं.

टाटा, एक जपानी जहाज आणि दीड रुपयाचं भाडं

कापूस होता, गिऱ्हाईक होतं. अडचण जहाजांची होती.

मुंबईहून पूर्वेकडे माल नेणं म्हणजे ब्रिटिश पी अँड ओ कंपनी आणि तिच्या साथीदार युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी. भाडं त्या ठरवतील ते. जमशेटजी टाटांना हे खुपत होतं. जपानमध्ये टाटांचा व्यापार आधीपासून होता. 1893 मध्ये जमशेटजी स्वतः जपानला गेले. त्याच प्रवासात पुढे योकोहामाहून कॅनडाला जाताना त्यांच्या जहाजावर स्वामी विवेकानंद होते. ती भेट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वर्षी जपानमध्ये टाटांनी केलेला दुसरा सौदा फारसा कुणाला आठवत नाही.

निप्पॉन युसेन काइशा, म्हणजे एनवायके, ही जपानी जहाज कंपनी टाटांबरोबर मुंबई मार्गावर उतरायला तयार झाली. 7 नोव्हेंबर 1893 रोजी 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबे बंदरातून मुंबईकडे निघालं. या कंपनीचा हा पहिला लांब पल्ल्याचा नियमित मार्ग होता.

पी अँड ओने उत्तर दिलं ते भाडं पाडून. टनामागचं भाडं थेट दीड रुपयापर्यंत खाली आणलं. आजच्या भाषेत सांगायचं तर नवा ॲप बाजारात आला की जुना ॲप जशी सवलतींची खैरात करतो, तसंच. या भाडेयुद्धात टाटांना आपली जहाजं बंद करावी लागली. एनवायके मात्र टिकली आणि कोबे–मुंबई मार्गही टिकला.

फोर्टमधली जपानी मुंबई

जहाजांमागोमाग माणसं आली. मित्सुई कंपनीने 1893 मध्येच मुंबईत शाखा उघडली. 1894 मध्ये जपानचा वाणिज्य दूतावास आला आणि योकोहामा स्पेसी बँकही आली. पुढे कापसाच्या व्यापारात तीन जपानी कंपन्या मोठ्या झाल्या: निप्पॉन मेंका, गोशो आणि तोयो मेंका. यातली तोयो मेंका म्हणजे मित्सुईचाच कापूस विभाग, जो 1920 मध्ये वेगळी कंपनी झाला.

या कंपन्या फक्त मुंबईत बसून कापूस घेत नव्हत्या. त्यांचे एजंट कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या बाजारपेठांपर्यंत पोहोचले होते. 1920 च्या दशकात मुंबईचा कापूस बाजार कुलाब्याहून शिवडीकडे हलला. हार्बर लाइनवरच्या 'कॉटन ग्रीन' स्टेशनच्या नावात तो बाजार आजही आहे. लोअर परळच्या पोदार मिलचं एकेकाळचं नावही 'तोयो पोदार' होतं. त्यातलं 'तोयो' म्हणजे हीच जपानी कंपनी.

ही झाली सूट-बूटवाल्या जपान्यांची मुंबई. चार-पाच वर्षांच्या नेमणुकीवर यायचं, नोकरी करायची आणि बदली झाली की परत जायचं.

कामाठीपुऱ्यातली जपानी मुंबई

कामाठीपुऱ्याचं नाव 'कामाठी' मजुरांवरून पडलं. हे तेलुगू भाषक बांधकाम मजूर निजामाच्या मुलखातून पोटासाठी मुंबईत आले होते. म्हणजे ही वस्ती मुळात स्थलांतरित कष्टकऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गल्ल्यांमध्ये वेश्याव्यवसाय एकवटत गेला. युरोपातून आणलेल्या बायकांची जागा 'सफेद गल्ली' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच परिसरात जपानी बायकाही होत्या.

त्यांना जपानीत 'करायुकी-सान' म्हणतात. शब्दशः अर्थ 'परमुलखात गेलेली बाई'.

यातल्या बहुतेक जणी दक्षिण जपानमधल्या दोन गरीब भागांतून आल्या. एक नागासाकीजवळचा शिमाबारा आणि दुसरा अमाकुसा बेटं. तिथे जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. दलाल गावात यायचा. परदेशात घरकामाची, दुकानातली, हॉटेलातली चांगली नोकरी आहे असं सांगायचा आणि घरच्यांच्या हातावर रक्कम ठेवायचा. मुलीचं वय अनेकदा दहा-बारा ते सोळा-सतरा. मग नागासाकीच्या परिसरातून जहाज. कित्येकींना कोळशाच्या कोठारात लपवून नेलं जायचं. हाँगकाँग, सिंगापूर आणि तिथून रंगून, कोलकाता, मुंबईपर्यंत. सिंगापूर हा या धंद्याचा मोठा अड्डा होता.

उचल: रक्कम एक, हिशेब दुसरा

दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर भागातून हजारो जोडपी उसाच्या फडाकडे निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तोडलेल्या टनांतून ती फिटली तर ठीक, नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. घरातलं दुखणं-खुपणं, लग्न आलं की उचल आणखी वाढते. कामावर जायचं की नाही, हे मग माणूस ठरवत नाही. बाकी ठरवते.

ऊसतोड आणि करायुकी-सानचं आयुष्य या एकच गोष्टी नाहीत. फडावर जाणारी माणसं मोठी असतात, जोडीने जातात आणि हंगाम संपला की घरी परततात. त्या मुलींना यातलं काहीच नव्हतं. पण हिशेबाची तऱ्हा ओळखीची आहे. घरच्यांना मिळालेली रक्कम, त्यावर प्रवासाचा खर्च, दलालाचा वाटा, कपडे, राहणं, खाणं. सगळं मुलीच्या नावावर चढत जायचं.

जपानी लेखिका तोमोको यामाझाकी यांनी 1972 मध्ये अमाकुसातल्या एका म्हाताऱ्या बाईची कहाणी पुस्तकात लिहिली. ही बाई लहानपणी बोर्निओ बेटावरच्या सांडाकान शहरात विकली गेली होती. तिच्या भावाला मिळाले होते 300 येन. सांडाकानला पोहोचल्यावर तिला कळलं की तिच्या डोक्यावर 2,000 येनचं कर्ज आहे. 1974 मध्ये या पुस्तकावर सिनेमा आला आणि जगाला करायुकी-सान हा शब्द कळला.

बाकी फेडून काही जणी परतल्याही. पण गावात त्यांचं स्वागत होत नसे. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर ज्या घरांची छपरं शाकारली गेली, त्याच घरांना त्यांची लाज वाटायची.

त्याच काळात महाराष्ट्राला दिसलेला जपान

1905 मध्ये जपानने रशियाला युद्धात हरवलं. एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला धूळ चारली म्हणून महाराष्ट्रात कौतुकाची लाट आली. स्वदेशीच्या चळवळीत जपान हे उदाहरण झालं. तळेगावला पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला, तेव्हा तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये काचकाम शिकून आलेले होते.

सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती स्त्रीशिक्षणात. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या जपान विमेन्स युनिव्हर्सिटीची माहिती देणारी पुस्तिका आली. ही संस्था जिन्झो नारुसे यांनी 1901 मध्ये सुरू केली होती. कर्व्यांनी त्यावरून प्रेरणा घेतली आणि 1916 मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एसएनडीटी.

म्हणजे एकाच काळात जपानकडून महाराष्ट्रात दोन गोष्टी येत होत्या. एक, मुलींनी विद्यापीठात शिकावं हा विचार. दुसरी, ज्यांना शाळेचं दारही दिसलं नाही अशा मुली. पुस्तिकेचं नाव इतिहासात राहिलं. मुलींचं राहिलं नाही.

मग या बायका गेल्या कुठे?

जपान जसजसा बडा देश झाला, तसतशा या बायका त्याला खुपू लागल्या. व्यापाराच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी घरी धाडलेला पैसा चालत होता. आता बड्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसायचं, तर परक्या बंदरांत आपल्या बायका अशा दिसायला नकोत. 1920 मध्ये सिंगापूरच्या जपानी वाणिज्य दूतावासाने तिथले जपानी कुंटणखाने बंद करायला लावले. त्या दशकात मुंबईतही हा धंदा आटत गेला.

कुंटणखाने बंद होणं चांगलंच. पण धंदा बंद झाला म्हणजे त्या बायकांचं आयुष्य मार्गी लागलं असं झालं नाही. काही परत गेल्या. काहींनी जिथे होत्या तिथेच संसार थाटले. काही आजाराने आधीच गेल्या होत्या.

1933: जपानने कापूस घेणं थांबवलं तेव्हा

इकडे कापसाचा व्यापार वाढतच होता. 1930 च्या सुमारास भारताच्या कच्च्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपानच होता. त्याच कापसाचं स्वस्त कापड तो भारतातही विकत होता. मुंबईचे गिरणीमालक त्यामुळे वैतागले होते.

जून 1933 मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रिटनबाहेरून येणाऱ्या सुती कापडावर 75 टक्के आयातकर लावला. निशाणा अर्थातच जपान. जपानी गिरण्यांनी उत्तर दिलं: मग आम्ही तुमचा कापूसच घेणार नाही.

हा डाव गिरणीमालकांच्या भल्यासाठी होता, पण फटका शेतकऱ्याच्या गाठोड्याला बसला. आखूड धाग्याच्या कापसाला दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. अखेर वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी 1934 मध्ये करार ठरला. जपानने 10 लाख गाठी कापूस घेतला तर त्याला 32.5 कोटी यार्ड कापड भारतात विकता येईल. 15 लाख गाठी घेतल्या तर 40 कोटी यार्ड. आयातकरही 50 टक्क्यांवर आला.

आज कापसाच्या आयातकरावरून शेतकरी आणि वस्त्रोद्योग यांच्यात होणारा वाद नवा वाटत असेल, तर हे प्रकरण आठवावं. मुंबई, दिल्ली किंवा टोकियोत एक आकडा बदलतो आणि बार्शीच्या बाजारात भाव हलतो. हे नव्वद वर्षांपूर्वीही असंच होतं.

1941: एका रात्रीत 'शत्रू'

जुलै 1941 मध्ये ब्रिटिश साम्राज्याने जपानी मालमत्ता गोठवली आणि व्यापार ठप्प झाला. बरेच जपानी तेव्हाच मायदेशी निघाले. डिसेंबर 1941 मध्ये जपानने मलाया आणि पर्ल हार्बरवर हल्ला केला. भारतात उरलेले जपानी नागरिक शत्रुराष्ट्राचे ठरले आणि ताब्यात घेतले गेले.

त्यांना दिल्लीच्या पुराना किल्ल्यातल्या छावणीत ठेवलं. तिथे मलाया आणि सिंगापूरहून पकडून आणलेली जपानी कुटुंबंही होती. 1942 मध्ये नागरिकांच्या अदलाबदलीत काहींना पूर्व आफ्रिकेतल्या पोर्तुगीज बंदरामार्गे जपानला पाठवलं. उरलेल्यांना पुढे राजस्थानातल्या देवळी छावणीत हलवलं आणि ते युद्ध संपेपर्यंत तिथेच होते.

मुंबईची जपानी वस्ती तिथे संपली. युद्धानंतर कंपन्या परत आल्या, दूतावास परत आला. कामाठीपुऱ्यातला तुकडा मात्र कुणाच्या आठवणीतही परतला नाही.

आज काय उरलंय?

पाहायचंच असेल तर वरळीला जावं लागेल. पोदार रुग्णालयाच्या समोर निप्पॉनझान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. आजची वास्तू 1956 मधली, बिर्लांच्या मदतीने बांधलेली. या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी 1931 मध्ये भारतात आले आणि 1933 मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींना भेटले. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हटला जातो. वरळीच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ पंख्याच्या आकाराचा हातडफ वाजवत तोच मंत्र चालतो. बाहेरच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्या बहुतेकांना तो ऐकू येत नाही.

वरळीतच जपानी दफनभूमीही आहे. परक्या शहरात मेलेल्या जपान्यांसाठीची ही जागा. फोर्टमधला साहेब असो की कामाठीपुऱ्यातली बाई, जिवंतपणी एका रस्त्याने न चालणाऱ्यांना शेवटी जागा एकाच कुंपणात मिळाली.

बोर्निओतल्या सांडाकानमध्येही करायुकी-सानची थडगी आहेत. त्यांची पाठ जपानकडे आहे. ज्या देशाने विकलं, त्याच्याकडे मेल्यावरही बघायचं नाही, असा त्याचा अर्थ लोक लावतात. सिंगापूरने आपली जपानी दफनभूमी उद्यान म्हणून जपली आहे आणि तिथे या बायकांच्या कबरी पाहायला लोक जातात. मुंबईच्या पर्यटन नकाशावर मात्र अशी जागा नाही.

हे आता का माहीत असावं?

कारण जपान पुन्हा महाराष्ट्रात येतोय आणि महाराष्ट्र जपानला जातोय. पाटोद्याहून जामखेडमार्गे अहिल्यानगर आणि पुढे पुणे महामार्गाला लागलं की सुपा लागतं. तिथल्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी खास औद्योगिक क्षेत्र आखलं आहे. दुसऱ्या बाजूला जपानमध्ये म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, कामाला माणसं कमी पडत आहेत आणि वृद्धांच्या देखभालीपासून कारखान्यापर्यंतच्या कामांसाठी भारतीय तरुणांना बोलावलं जातंय. जपानी भाषेचे क्लास आता जिल्ह्याच्या गावांतही दिसू लागले आहेत.

ही चांगली संधी आहे. कायदेही तेव्हासारखे नाहीत. पण परदेशी नोकरीचं स्वप्न विकणारा दलाल ही जात जुनीच आहे, आणि त्याला विचारायचे प्रश्नही जुनेच आहेत. एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का? करार कुठल्या भाषेत आहे आणि तो वाचून घेतलाय का? पासपोर्ट कुणाच्या हातात राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं: जाण्याआधी नावावर कर्ज किती चढणार आणि ते किती महिन्यांत फिटणार?

शिमाबाराच्या मुलींना हे प्रश्न विचारायची मुभा कुणी दिली नव्हती. आज ज्याला ती आहे, त्याने सही करण्याआधी ती वापरावी.